नसलेली पाळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि हे आत दडवून ठेवायचा मला आता कंटाळा आलाय.

बंगलोरला आमचं दोन भावांचं एकच घर. दोघेही सरकारी कारखान्यात, सकाळी डबा घेऊन सायकलीवर निघायचे. घरात मी आणि मोठ्या जाऊबाई. त्यांना मी अक्का म्हणते. मी बेळगावची, मला कानडी येतं. त्या साताऱ्याच्या, त्यांचं कानडी भाजीवालीशी ‘स्वल्प’ आणि ‘सरी’, म्हणजे ‘थोडं’ आणि ‘बरं’, एवढं म्हणण्यापुरतं. सासूबाई गेल्या तरी त्यांची शिस्त आम्ही मोडली नव्हती. पाळी आली की मागच्या खोलीत बाजूला बसायचं — वेगळी चटई, वेगळा तांब्या. एक बसली की दुसरीने चूल सांभाळायची.

माझी पाळी लवकर गेली. त्याआधीच अंगातून एकदम वाफा निघायला लागल्या होत्या. पोलकं भिजायचं, छाती धडधडायची, झोप नाही. मी घाबरून बसणारी बाई नाही. बायकांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि समजावलं — हा आजार नाही, या वयात असं होतं, हळूहळू ओसरेल. कॉफी कमी करा, सुती नेसा, सकाळी फिरा, विस्तवाजवळ फार वेळ थांबू नका. बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र लगेच या. एवढंच. निम्मी बरी होऊनच मी घरी आले.

घरी येऊन काय केलं? गप्प बसले.

विस्तवाजवळ थांबू नका — पण थांबायचं कुणी? पाळी गेलेल्या बाईला आमच्यात विसावा नाही. सोवळ्यातला स्वयंपाक, पापड, लोणची, सगळं तिच्याच गळ्यात. ती कधीच अडत नाही ना! आणि मला ती मागची खोली हवी होती, तिथली गार फरशी हवी होती. म्हणून मी बसत राहिले. पाळी नसताना. दर महिन्याला, चेहरा ओढून.

इथवर ही लबाडी होती. पुढच्याला काय म्हणायचं?

वर्षभरात अक्कांनाही तेच सुरू झालं. भाकरी थापता थापता घामाने निथळायच्या. उगाच रडायच्या, विजूला — त्यांच्या धाकट्या लेकीला — उगाच धपाटे घालायच्या. त्यांची पाळी महिनेच्या महिने येईना. त्यांची आई पोटातल्या गाठीने गेलेली. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं, की रक्त आत साठतंय आणि त्याची गाठ होतेय. आणि गंमत बघा — पाळी येत नाही म्हणून त्यांना बाजूला बसायला मिळत नव्हतं, आणि मी बसत होते!

एकदा मी अशीच खोटी बसलेले असताना त्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “इंदू, माझ्यामागे विजूचं लग्न तूच बघ हं. यांना काही सुचायचं नाही.”

एक वाक्य पुरलं असतं. ‘अक्का, हे मलाही झालंय.’ पण ते म्हटलं असतं तर मग मी चटईवर का, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, “काहीतरीच काय बोलता!” — आणि कूस बदलली.

असं किती महिने चाललं, मला सांगवत नाही.

शेवटी एका सकाळी भात वेळताना त्यांना घेरी आली. मी तेव्हाही खोटीच बसले होते; चटईवरून उठून धावले आणि त्यांना धरलं. शुद्धीवर येताच पहिलं काय म्हणाल्या? “अगं, शिवलीस मला! आता भात गेला सगळा.”

“जाऊ दे भात,” म्हटलं, “चला दवाखान्यात.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं. गाठ नव्हती, फक्त अंगात रक्त कमी होतं. मग माझ्याकडे पाहून कानडीत म्हणाल्या, “इवरिगे नीवु हेळलिल्वा?” — यांना तुम्ही सांगितलं नाहीत?

अक्का माझं मनगट घट्ट धरून बसल्या होत्या. “काय म्हणतायत गं?”

मी म्हणाले, “म्हणतायत, घाबरायचं काही कारण नाही.”

अक्का टांग्यात घरापर्यंत रडत होत्या आणि हसत होत्या. लोहाच्या गोळ्यांनी महिन्याभरात तोंडावर तेज आलं, झोप लागायला लागली. मी बाजूला बसणं सोडलं. माझीही आता गेली वाटतं, म्हणाले. तर त्यांनी मला समोर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं — कॉफी कमी कर, सुती नेस, घाबरू नकोस, मी आहे. मी मन लावून ऐकल्यासारखं केलं. चूल आम्ही तेव्हापासून वाटून घेतली, एक वेळ त्यांची, एक वेळ माझी. त्यासाठी खोटं बोलावं लागलं नाही. नुसतं विचारावं लागलं.

आता अक्का रोज सकाळी तळ्याकाठी फिरून येतात. दुपारी गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे येतात, कुणी मराठी, कुणी कानडी. कुणाला वाफा येतात, कुणाला वेड लागेल असं वाटतं. अक्का मोडक्या कानडीत धीर देतात, दवाखान्याचा पत्ता देतात. बाया हलक्या होऊन जातात. आणि प्रत्येकीला अक्का माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, “मला काय कळत होतं? आमच्या इंदूनं वेळेवर नेलं, म्हणून मी वाचले.”

वेळेवर, म्हणतात. मी ते खोडत नाही.