पापलेटाचा केक

माझं माहेर दिवाळे गावच्या कोळीवाड्यातलं. आई बाजारात मासळी विकायची आणि तिच्या जिभेपुढे गिऱ्हाईक टिकायचं नाही. मी लग्न होऊन ऐरोलीच्या सोसायटीत आले आणि सुधारले, म्हणजे केक करायला शिकले. नव्वदच्या दशकात आमच्या बिल्डिंगमध्ये जिच्याकडे तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन असायचा ती सुगरण. बाकीच्या नुसत्याच रांधणाऱ्या.

मुलगा सात वर्षांचा होत होता. त्याचा जिवलग मित्र समोरच्या दारातला, पक्क्या शाकाहारी घरातला. दिवसभर आमच्याकडे पडीक, पण तहान लागली की पाणी प्यायला घरी पळायचा. आमच्या भांड्यांवर त्याच्या आईचा भरवसा नव्हता. माझ्या मुलाला वाढदिवसाला एवढंच हवं होतं, की मित्रानं आपल्याकडे खावं. आणि हो, केक पापलेटाच्या आकाराचा हवा होता. या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर उठल्यात हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. मी आपली अंड्याचा प्रश्न सोडवत बसले.

कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा घालून बिनअंड्याचा केक केला. समोरच्या वहिनी तीनदा विचारून गेल्या, "अंडं नाही ना?" चौथ्यांदा मी त्यांच्या हातात रिकामा डबाच दिला. मग दुसऱ्या केकमधून शेपटी आणि पर कापून जोडले, आयसिंगवर मिठाईवाल्याकडचा चांदीचा वर्ख लावला, कल्ल्यांपाशी बिटाच्या रसाचं बोट फिरवलं. आई दुपारीच आली होती. कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"डोला बसलाय गो," ती म्हणाली. "दोन दिवसांचं मावरं हाय ह्ये."

मी मुकाट्यानं डोळ्याचा मनुका काढून मोठा, फुगीर लावला. तेव्हा कुठे तिला मासा ताजा वाटला. एवढी शाबासकी मला शाळेतसुद्धा मिळाली नव्हती.

संध्याकाळी पोरं जमली, गाणं झालं. मुलानं सुरी घातली ती आयसिंगमध्ये रुतली, म्हणून मी हातात घेतली. आता माझ्या हाताला सवय एकच. आधी डोकं उडवलं, मग पर, मग पोटाच्या आडव्या तुकड्या. वर तोंडातून निघूनही गेलं, "डोकं कोणाला?"

माहेरी यावरून भांडणं व्हायची. इथे वहिनींनी आपल्या मुलाच्या हातातली डिश अलगद काढून टेबलावर ठेवली. "सकाळपासून पोट बरं नाही त्याचं," त्या म्हणाल्या. आणि दारातून, अगदी मनापासून, "केक फारच हुबेहूब झालाय हो."

डोकं आईनं घेतलं आणि चवीनं खाल्लं. मुलगा त्या भरल्या डिशकडे बघत राहिला. मला वहिनींचा असा राग आला की महिनाभर पुरला.

पुढच्या वर्षी मी विचारलं, "यंदा काय करू रे? सुरमई?"

"कार," तो म्हणाला. मग, माझ्याकडे न बघता, "आणि आजीला दुसऱ्या दिवशी बोलाव ना."

तिथल्या तिथे त्याला फैलावर घ्यायला हवं होतं. एरवी माझं तोंड कुठे गप्प बसतं? पण मी "बरं" म्हणाले. त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

कार झकास झाली. मित्रानं दोन तुकडे खाल्ले. आई दुसऱ्या दिवशी आली. वाढदिवस काल होता हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं आपल्यासाठी ठेवलेलं चॉकलेटचं चाक खाल्लं, पदराला हात पुसले.

"समोरच्या पोरानं खाल्ला का गो यंदा?"

"खाल्ला," मी म्हणाले.

"मंग झालं," ती म्हणाली.