एक वीत उंच स्वयंपाकघर

आमच्या मुलुंडच्या घरात स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीपेक्षा एक वीत उंच आहे. नव्या माणसाला तिथे ठेच लागते, आणि नळ दुरुस्त करायला येणारा दर वेळी विचारतो की खाली पाण्याची टाकी आहे का. टाकी नाही. खाली विटांचे तुकडे, सिमेंट आणि माझं वाचन आहे.

ऐंशीच्या दशकातली, आमची गौरी रांगायला लागली त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. घर म्हणजे बाहेरची खोली आणि आत स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात कोपऱ्यात मोरी, भिंतीला फळ्या आणि जमिनीवर रॉकेलचा उंच स्टोव्ह. माझी बायको नलू पाटावर बसून त्यावर सगळा स्वयंपाक करायची आणि कधी तक्रार करायची नाही. मग गौरी रांगायला लागली. घरात लाकडी घोडा होता, खुळखुळा होता, माझी पुस्तकं होती (फाडायला अगदी सोयीची). ती सरळ स्टोव्हकडे गेली आणि तिने दुधाचं पातेलं ओढलं. दूध तिच्या अंगावर न येता बाजूला सांडलं, ते केवळ नशीब.

नलूने तिला उचललं. स्टोव्ह विझवला, सांडलेलं दूध पुसलं. मग म्हणाली, "मला ओटा हवाय. उभ्याने करायचा. तो झाल्याशिवाय मी हिला घेऊन या घरात परत येणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती माहेरी चिपळूणला जायचीच होती. गेली. परत कधी येणार, हे मात्र दर वर्षीसारखं सांगितलं नाही. नलू उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती. एसटी सुटली तेव्हा तिने खिडकीतून हात हलवला, गौरीचाही हलवला, आणि मी रिकाम्या घरी येऊन त्या स्टोव्हकडे बघत बसलो.

मी तेव्हा घाटकोपरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दुसरा कोणी असता तर त्याने आधी गवंड्याला बोलावलं असतं. मी पुस्तक आणलं. परदेशी, गुळगुळीत कागदाचं, घराच्या सजावटीवरचं. त्यात बैठकीच्या खोलीवर एक प्रकरण होतं, जेवणाच्या खोलीवर एक, शिवाय अभ्यासिका, मुलांची खोली, पाहुण्यांची खोली अशी वेगवेगळी. आमच्याकडे एकूण दीड खोली असल्यामुळे मला बरीचशी प्रकरणं एकमेकांवर रचावी लागली. लोखंडी कपाट भिंतीपासून सरकवून त्याच्यामागे मी अभ्यासिका केली. अभ्यासिकेत खुर्ची ठेवल्यावर माणूस जाऊ शकत नव्हता, आणि माणूस गेल्यावर खिडकी उघडत नव्हती. 'खोलीत मोकळेपणा जाणवायला हवा,' असं पुस्तक सांगत होतं. मी कपाट पुन्हा जागेवर ढकललं. मोकळेपणा जाणवला.

शेवटी स्वयंपाकघराच्या प्रकरणाशी आलो. त्यातल्या चित्रात एक उंच, सोनेरी केसांची बाई हसत हसत गाजर चिरत होती. खाली लिहिलं होतं की ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या कमरेला धरून असावी. वाक्य अगदी बरोबर होतं. आजही त्यात मला चूक सापडत नाही.

गवंडी बाबूराव कांजूरमार्गहून यायचा. उत्साही माणूस, कुठल्याही कामाला नाही न म्हणणारा. त्याने उंची विचारली, मी पुस्तकातलं वाक्य मराठीत सांगितलं. त्याने घरात इकडेतिकडे पाहिलं. घरात मी एकटाच होतो.

"मग उभे राहा, साहेब," तो म्हणाला.

मी भिंतीला टेकून ताठ उभा राहिलो. त्याने माझ्या पट्ट्यावरून रेघ मारली. आम्ही दोघं मागे सरकून रेघेकडे समाधानाने बघत राहिलो. (आम्ही दोघांनी मिळून जन्मात एक अंडंही उकडलेलं नव्हतं.) माझ्या घराण्यात माझ्याइतका उंच कोणी नाही, आणि नलू माझ्या खांद्याच्याही बरीच खाली लागायची. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला खोक्यावर उभं केलं होतं. ते खोकं फोटोत दिसत नाही, त्यामुळे माझ्याही लक्षात राहिलं नसावं. रेघ फक्त विटांसाठी होती. तिच्यावर सिमेंट आलं, सिमेंटवर काळाभोर कडप्पा आला. ओटा झाला तेव्हा तो मला कमरेच्याही वर लागत होता. दिसत मात्र फार छान होता. मी त्याच्यावर हात ठेवून गाजर चिरण्याचा आविर्भाव करून पाहिला आणि चिपळूणला कळवून टाकलं की ओटा तयार आहे, या.

उत्तर समोरच्या कुडाळकर काकूंच्या फोनवर आलं. नलू रविवारी येत होती. तिच्याबरोबर दादा, म्हणजे माझे सासरे, येणार होते. ओटा ते स्वतः पाहणार होते आणि तो पाहून झाल्यावर मायलेकींनी इथे राहायचं की त्यांच्याबरोबर परत जायचं, हे ठरणार होतं. दादा निवृत्त हेडमास्तर. आमचं लग्न ठरताना त्यांनी माझ्याबद्दल एकच मत दिलं होतं, 'मुलगा वाचतो फार.' ती स्तुती नव्हती, हे मला पुढे कळलं.

निरोप द्यायला आलेल्या काकू ओटा बघायला आत गेल्या. त्या नलूएवढ्याच उंचीच्या. ओट्यासमोर उभ्या राहिल्या आणि ओट्याच्या वर त्यांचा फक्त अंबाडा आणि दोन खांदे आले. तिकिटाच्या खिडकीशी लहान मूल उभं असावं तसं.

"वसंता," त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्यां काय बांधलंस रे? ह्येच्यार स्टोव्ह, स्टोव्हार टोप. फोडणी घालूक शिडी व्हयी."

मी पुस्तकातलं वाक्य सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणाची कंबर? मी माझा पट्टा सारखा केला. त्यांना ते उत्तर पुरलं.

बाबूरावला निरोप धाडला. तो आला, त्याने कडप्प्यावर टिचक्या मारल्या आणि सांगितलं की आता काढायला गेलं तर दगड फुटणार, आणि नवा दगड पुढच्या आठवड्याशिवाय मिळणार नाही. रविवार तर परवावर आला होता. नलू दारातून पाहील, काही न बोलता वळेल आणि तीच एसटी पकडून परत जाईल, असं सगळं मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. बाबूरावला माझी दया आली असावी. तो ओट्याकडे बघत होता, मग जमिनीकडे बघायला लागला.

"साहेब, ओटा खाली येत नाय," तो म्हणाला, "तर जमीन वर घेऊ."

त्या क्षणी मला ही कल्पना फार थोर वाटली. असं काही पुस्तकातही नव्हतं!

विटांचे तुकडे आले, सिमेंट आलं, वर शहाबादी फरशी बसली. काम एक वीत वर येऊन थांबलं, कारण आणखी वर गेलं असतं तर चौकटीतून वाकून जावं लागलं असतं. शनिवारी सकाळी मी पाणी प्यायला आत गेलो आणि माळ्यावर डोकं आपटलं. ते मी सहन केलं. माझं डोकं हा काही दादांचा विषय नव्हता. मग दार लावायला गेलो, ते हलेना. दार आत उघडणारं, तुकडे आत न्यायला सताड उघडं ठेवलेलं, आणि आता त्याची खालची कड सिमेंटात रुतून बसली होती. बाबूरावचं म्हणणं पडलं की स्वयंपाकघराला दार कशाला, घरचीच तर माणसं.

खरा धक्का मोरीने दिला. तिचा पाइप हलवता येत नसल्यामुळे ती मूळच्याच जागी राहिली होती आणि सगळी जमीन वर आल्यामुळे आता तिचा खड्डा झाला होता. त्या खड्ड्याकडे बघताना माझ्या मनात गौरी आली. मी खाली बसलो, हातापायांवर आलो आणि ती रांगेल तसा घरभर रांगून पाहिलं. स्वयंपाकघरातून बाहेर येताना ती पायरीवरून तोंडावर पडणार होती. नाही पडली तर मोरीत पडणार होती. भाजू नये म्हणून मी पडायची सोय करून ठेवली होती, आणि तीही दोन ठिकाणी.

दारात कुडाळकर काकू उभ्या होत्या. मी रांगत का आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्या माझ्या बाजूने वर चढल्या, ओट्याला हात लावून म्हणाल्या की आता बरा लागतो. मग त्यांनी स्टोव्ह उचलून ओट्यावर ठेवला, त्यावर टोप ठेवला आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. टोप बरोबर त्यांच्या नाकासमोर आला.

"वास बरो येतलो," त्या म्हणाल्या.

रविवारी ते आले. दादांच्या हातात छत्री आणि आंब्यांची करंडी, नलूच्या कडेवर गौरी. मी मोरीवर धुण्याची मोठी बादली पालथी घालून ठेवली होती आणि चेहऱ्यावर हसू आणलं होतं. दोन्हींचा फार उपयोग नव्हता. दादा पायरी चढले. छत्रीच्या टोकाने त्यांनी फरशी ठोकून पाहिली, दार ओढून पाहिलं, बादली सरकवून मोरी पाहिली.

"जावईबापू, पुस्तकावरून केलंत म्हणे?"

"हो."

"पूर्ण वाचलंत?"

"हो."

"तेच म्हटलं," दादा म्हणाले आणि खाली उतरले.

नलूने पिशवी कोपऱ्यात ठेवली. तिने बाहेरच्या खोलीत गौरीला खाली ठेवलं. मी धावलो, पण तिने हातानेच मला थांबवलं. गौरी निघाली ती थेट स्वयंपाकघराकडे. पायरीशी आली. दोन्ही हात वर ठेवले, गुडघा उचलला, तो पोचेना. पुन्हा उचलला. मग पायरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून प्रयत्न केला आणि शेवटी फतकल मारून रागाने रडायला लागली. आम्ही तिघं बघत होतो.

"तिला चढता येत नाही," नलू म्हणाली.

"तसंच ठरवलं होतं," मी म्हणालो. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

नलूने पाय धुतले आणि ती वर गेली. ओट्यासमोर उभी राहिली, मान वर करून स्टोव्हकडे बघत राहिली. मी घाईघाईने बुटका स्टोव्ह आणू, फळी टाकू, दगडच बदलू, असं काय काय सांगू लागलो. तिने फक्त पाट मागितला. पाटावर चढली, पाटावरून ओट्यावर चढली, पदर खोचला आणि जमिनीवर बसायची तशी मांडी घालून स्टोव्हशेजारी बसली. कडप्पा तोलेल की नाही या काळजीने माझे हात आपोआप पुढे झाले. कडप्पा तोलला.

"हात पुढे केलेच आहेत तर चहाचं पातेलं द्या," ती वरून म्हणाली.

मी दिलं. मग तिने पाणी मागितलं. मग साखर, ती नव्हे, मागच्या फळीवरची. पावडर, आलं, गाळणं, कप. प्रत्येक गोष्टीसाठी खाली उतरणं तिला शक्य नव्हतं, आणि खाली उभं राहून ते देण्याइतका उंच माणूस घरात होता. दादांनी चहाचा घोट घेतला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ओटा दोन माणसांचा आहे, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच चिपळूणला गेले.

पुढे गॅस आला. त्याची शेगडी बुटकी, त्यामुळे नलू खाली उभी राहून स्वयंपाक करू लागली. माझं देणं मात्र तसंच चालू राहिलं. ती न बघता हात मागे करायची आणि मी डबा ठेवायचो. हळूहळू तिला नावही घ्यावं लागेना. फोडणी तडतडली की हिंग, डाळ घोटली की गूळ, आमसूल, गोडा मसाला.

नलूला जाऊन आता वर्ष होत आलं. परवा गौरी भेटायला येणार होती म्हणून मी आमटी केली. अगदी सावकाश, आठवून आठवून. तिने पहिला घास घेतला आणि जरा थांबली.

"बाबा, यात गूळ, आमसूल काही घातलंय का?"

"सगळं घातलंय," मी ठामपणे म्हणालो.

ती उठून आत गेली आणि तिने मला हाक मारली. ओट्यावर गूळ, आमसूल, गोडा मसाला, सगळं क्रमाने, झाकणं काढून मांडलेलं होतं. माझ्याकडून कसलीच कसूर झाली नव्हती. मी माझं काम पूर्ण करून, नलूचा हात मागे येण्याची वाट बघत बराच वेळ तिथे उभा होतो, आणि मग आमटी उकळली म्हणून गॅस बंद केला होता.