हर्बेरियमच्या कपाटातली लोकर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या मामांचं नाव घेतो. मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. परभणीच्या आमच्या विज्ञान महाविद्यालयात शिपायांना, परिचरांना सगळे मामाच म्हणतात, पण आमच्या विभागात नुसतं मामा म्हटलं की तेच. आता ते निवृत्त होऊन पेडगावच्या बाजूला आपल्या गावी राहतात.

मी बोरीच्या शाळेतून आलो. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. पहिल्या वर्षी पहिल्याच प्रात्यक्षिकात खोडाचा पातळ छेद घ्यायचा होता, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, पलीकडचं दिसेल असा. माझे छेद म्हणजे ढलप्या होत्या. विभागप्रमुख सरांनी त्या चिमट्यात धरल्या आणि म्हणाले, "हे मायक्रोस्कोपखाली कशाला ठेवतोस, चुलीत घाल." सगळे हसले. सरांनी ते मनात ठेवलं नाही, मी ठेवलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला न जाता मी पिशवी घेऊन बसस्टँडवर जाऊन बसलो.

मामा रोज एसटीने यायचे. उतरल्या उतरल्या त्यांनी मला पाहिलं.

"काय भाच्या, गावाकडं चाललास?"

"न्हाई."

"मंग पिशवी घेऊन कुणाला आनायला आलास?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. ते म्हणाले, "चल, मला चालताना सोबत लागती." पुढे महिनाभर जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यासाठी प्रयोगशाळा उघडायचे. गाजरात खोड धरून ब्लेड कसं चालवायचं ते त्यांनी शिकवलं. "दाढी करतोस का? न्हाई? मंग आधी ती शिक. ब्लेड वडायचं अस्तंय, दाबायचं न्हाई." परीक्षेत माझा छेद वर्गात सगळ्यात पातळ आला. तो छेद जमला नसता तर मी त्याच आठवड्यात बोरीला परत गेलो असतो, आणि परत आलो नसतो. एवढं मला नक्की माहीत आहे.

मामांच्या घरी मेंढरं होती. गवत ते मेंढरांवरून ओळखायचे. हे कोवळं असताना खातात, हे वाळल्यावर, याला तोंड लावत नाहीत. सरांनी हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, वाढवायचं ठरवलं तेव्हा निम्म्याहून जास्त गवतं मामांनी आणली. सुट्टीच्या दिवशी गायरानात, बांधावर, पाहुण्यांच्या गावी गेले तरी तिथून. ओल्या पोत्यात गुंडाळून आणायचे, जुन्या वर्तमानपत्रांत दाबायचे, कागद रोज बदलायचे. वाळलं की जाड कागदाच्या शीटवर दोऱ्याने शिवायचे. शेवटची गाठ मात्र ते दोऱ्याची मारत नसत. घरून आणलेल्या काळ्या लोकरीचा एक पीळ सुईत ओवून शीटच्या मागच्या बाजूला गाठ मारायचे. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या मेंढराच्या कानाला खूण असती. दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी वळकू येतंय. कागदाला कान कुठून आनू?" जी गवतं त्यांनी आणली नव्हती, त्यांना साध्या दोऱ्याची गाठ.

माझं अक्षर बरं होतं, म्हणून एम.एस्सी.ला असताना शीटच्या कोपऱ्यातल्या लेबलांचं काम माझ्याकडे आलं. शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख आणि शेवटची ओळ संकलक. तिथे सरांचं नाव लिहायचं, असं सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. वाईट हेतूने नाही. संग्रह विभागाचा, विभागाचे प्रमुख ते, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या सरांनीही तसंच केलं होतं. मी शेकड्यांनी लेबलं लिहिली.

एका दुपारी मामा शेजारी बसून शिवत होते.

"भाच्या, ह्या चिठ्ठीत काय काय लिवायलास?"

मी वाचून दाखवलं.

"संकलक म्हंजी?"

"ज्यानं गोळा केलं तो."

मामांनी सुई थांबवली. मग म्हणाले, "मंग माजं बी नाव कुठं तरी असंल का यात?"

"मामा, ती सरांची पद्धत हाय."

"तसं न्हाई रे. नुसतं इचारायलोय."

त्यानंतर ते कधी त्यावर बोलले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, आणि गेटपर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "ते चिठ्ठीचं झालं का काही?" तोवर मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो होतो. ती नेमणूकही सरांनीच दिली. मी म्हणालो, "करतो मामा." खरं तर तेव्हा मी काही करणार नव्हतो. शब्द मात्र दिला.

त्यांना एकच हवं होतं. आपण आणलेल्या गवतावर आपलं नाव.

कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार असं ठरलं, आणि पुढच्या वर्षांचा धोरणात्मक आराखडा व संशोधनातील उपलब्धी असा एक मोठा अहवाल करायचं काम माझ्यावर आलं. तासिकेवरचे लोक अशा कामाला सापडतात. नाही म्हणायची सोय नसते. मी रोज सकाळी संगणकावर बसायचो आणि वाक्यं लिहायचो. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना जागतिक दर्जाचे संशोधन उपलब्ध करून देणे. स्थानिक ज्ञान व आधुनिक विज्ञान यांची सांगड घालणे. ही वाक्यं लिहिताना मला काही वाटत नव्हतं. चांगली नाहीत असं वाटत नव्हतं, खोटी आहेत असंही वाटत नव्हतं. रकाने भरत जायचे. प्रत्येक गोष्टीला पुरावा म्हणून फोटो लागायचा, आणि फोटोवर ठिकाण व वेळ छापलेली लागायची. वृक्षारोपणाचा फोटो एकदा आला नाही म्हणून आम्ही तेच झाड उपटून परत लावलं. कुणी हसलं नाही.

संशोधनातील उपलब्धींमध्ये पहिल्या क्रमांकावर आमचा गवतांचा संग्रह होता. त्यातही एक बारीक, चिकट कणसाचं गवत, ज्याची आमच्या जिल्ह्यातून आधी नोंद नव्हती. त्यावर शोधनिबंध निघाला होता. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. ते गवत मामांनी ताडकळसच्या बाजूच्या एका गायरानातून आणलं होतं, सोयरिकीच्या बोलणीला गेले होते तेव्हा. पाहुण्यांच्या दारात चहा निवत ठेवून ते काठीने गवताच्या मुळ्या मातीतून मोकळ्या करत बसले, हे त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं. पोतं उघडताना त्या गवताचं त्यांच्याकडचं नावही त्यांनी सांगितलं. ते मी लिहून घेतलं नाही.

अहवालात मी सरांचं नाव टाइप केलं, मग माझं, आणि पुढच्या रकान्यात गेलो.

समिती आली तेव्हा विभागात नवे पडदे होते. समितीतल्या एक मॅडम वनस्पतिशास्त्राच्याच होत्या. त्यांनी आराखड्याचं सादरीकरण पाच मिनिटं ऐकलं आणि कपाट उघडायला सांगितलं. शीट्स त्या दोन्ही हातांनी सपाट उचलून पाहायच्या, ज्याला सवय आहे तसं. ते बारीक गवत हातात आलं तेव्हा त्या थांबल्या.

"मुळ्या फार सुंदर काढल्यात. काळ्या मातीतून अशा अखंड निघत नाहीत. कुणी काढलं हे?"

"माझंच संकलन आहे," सर म्हणाले. "म्हणजे विभागाचं."

मॅडमनी शीट उलटी केली. "आणि ही लोकर?"

सरांना ते माहीत नव्हतं. ते माझ्याकडे पाहायला लागले. मॅडमही पाहायला लागल्या. मला उत्तर माहीत होतं, आणि ते एका वाक्याचं होतं.

"शिवण घट्ट राहते म्हणून, मॅडम," मी म्हणालो.

"मग सगळ्या शीट्सना का नाही?"

"काही शीट्स ओलसर होतात."

याला काही अर्थ नव्हता. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या विभागात गेल्या. मला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. मी कपाट लावलं आणि चहाचे कप उचलून ठेवले.

श्रेणी चांगली मिळाली. गेटवर फ्लेक्स लागला, पेढे वाटले. मामांना कुणीतरी कळवलं असावं. त्यांचा फोन आला.

"माज्या गवताचं काय म्हनले रे?"

"चांगलं म्हणाले मामा. मुळ्या लय चांगल्या काढल्यात म्हणाल्या एक मॅडम."

"कळालं तर त्यान्ला." ते खूश झाले होते. "मंग? कुणी काडल्या ते इचारलं का न्हाई?"

"विचारलं."

ते वाट पाहत राहिले. त्यांच्या मागे मेंढरांचा आवाज येत होता.

"बरं," मामा म्हणाले. "जेवलास का?"

पुढच्या काही दिवसांत कायम जागेची जाहिरात निघाली. सरांनी मला बोलावून सांगितलं, "अर्ज कर. तुझं मी मनात धरलंय." सर मुलाखतीच्या समितीत असणार होते. मी घरी फोन करून सांगितलं. आई रडली. मी अर्जाला शोधनिबंध जोडत होतो, आणि त्याच्या पहिल्या पानावर माझं नाव वाचताना माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत मला कशाचंच काही वाटलेलं नाही. अर्ज मी तसाच भरला.

हर्बेरियमचा एक नियम आहे, आणि तो मला सरांनीच शिकवला. जुनं लेबल कधी फाडायचं नाही, खोडायचं नाही. चूक सापडली तर शेजारी दुसरी चिठ्ठी चिकटवायची. दुरुस्ती काय, कुणी केली, कोणत्या तारखेला, खाली सही. जुनंही राहतं, नवंही राहतं, पाहणारा दोन्ही वाचतो.

मी चिठ्ठ्या कापायला घेतल्या आणि अडलो. मला मामांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. त्यांच्या हाताखाली मी कॉलेज शिकलो, त्यांच्या डब्यातलं जेवलो, आणि नाव माहीत नाही. ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, "कुण्या मामांचं?" मी सांगितलं. तोही अडखळला. "बघावं लागंल बुवा. आम्ही मामाच म्हणायचो." जुन्या हजेरीपटात सापडलं.

मग मी सरांकडे गेलो. लपवून करायचं नव्हतं. काय करणार ते सांगितलं. सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवून बाजूला ठेवला.

"आत्ताच कशाला? मुलाखत होऊ दे."

"नंतर माझ्याच्यानं होणार नाही, सर."

"तुला मामांनी सांगितलं का करायला?"

"त्यांनी फक्त विचारलं होतं. दोनदा."

सर खिडकीकडे पाहत म्हणाले, "झालं की कपाटाला कुलूप लावून जा." ते रागाने म्हणाले की कसं, मला कळलं नाही. आजही माहीत नाही. मुलाखत अजून व्हायची आहे.

त्या दुपारपासून रात्रीपर्यंत मी प्रत्येक शीट उलटी करून पाहिली. काम संपल्यावर तिथेच, प्रयोगशाळेच्या टेबलावर बसून मामांना पत्र लिहिलं. ते असं होतं.

मामा,

तुमच्या भाच्याचा नमस्कार. सूनबाईंकडून वाचून घ्या. फोनवर तुम्ही जेवलास का विचारता आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितो आहे.

मॅडमनी लोकर कशाची म्हणून विचारलं होतं. मला माहीत होतं आणि मी खोटं सांगितलं. सर शेजारी उभे होते, नोकरी डोळ्यासमोर होती. त्या दिवशी फोनवर हे तुम्हाला कळलं, आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत.

आज तुमच्या लोकरीची गाठ असलेल्या प्रत्येक शीटवर मी दुसरी चिठ्ठी लावली आहे. संकलक म्हणून तुमचं पूर्ण नाव, तुमचं गाव, आणि खाली माझी सही व तारीख. जुनी चिठ्ठी माझ्याच अक्षरातली आहे, ती तशीच राहील. तसा नियम आहे. शोधनिबंधातही दुरुस्ती होते का, ते संपादकांना लिहून विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.

तुमचं नाव मला ऑफिसात जाऊन शोधावं लागलं. हे सांगायचं नव्हतं, पण सांगतो.

नोकरीचं काय होईल ते माहीत नाही. तुम्ही सरांना फोन करू नका.

कपाट तिसरं, खालून दुसरा कप्पा. परभणीला आलात की सांगा, मी उघडून दाखवतो. ताडकळसच्या गायरानातल्या गवताच्या चिठ्ठीवर एक ओळ मोकळी ठेवली आहे. तुमच्याकडं त्या गवताला काय म्हणतात, ते तुम्ही पोतं उघडताना सांगितलं होतं. मी तेव्हा लिहून घेतलं नाही. तेवढं कळवा.