बिनधुतलं लुगडं

माझ्या आबाजींना, म्हणजे आईच्या वडिलांना, कोणी अडाणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. श्रावण त्यांचं नाव. अक्षर ओळखत नव्हते, हे खरं. पण जनावराला काय कळतं आणि कशावरून कळतं, हे त्यांच्याइतकं जाणणारा माणूस मी अख्ख्या अकोल्यात पाहिला नाही. पुढे अमरावतीला कॉलेजात मी जीवशास्त्र घेतलं, तेव्हा सरांनी फळ्यावर लिहिलेलं मला फारसं नवं वाटलं नाही.

छप्पन सालाआधी गावातली मेलेली जनावरं ओढणं त्यांच्या वाट्याला होतं. वासरू मेलं की गाय दूध चोरते. म्हणून लोक वासराची कातडी काढून घेत, तिच्यात कुटार, म्हणजे भुसा, भरून गाईपुढे उभी करत. ते काम श्रावणच्याच हातचं हवं असायचं. काम सांगत मात्र ओट्याखाली उभं करून. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपला सुरा मोर्णा नदीच्या पाण्यात टाकला. पुन्हा कातडी सोलायची नाही, म्हणाले. गाव सोडून अकोल्याला आले आणि कापसाच्या जिनात हमाली धरली.

अठ्ठावन्न साली माझी आई, ललिता, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी झाले आणि विसाव्या दिवशी तापानं ती गेली. वडील अमरावतीहून मातीला आले, परत गेले आणि वर्षाच्या आत दुसरं लग्न करून मोकळे झाले. त्यांच्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे. आजी आधीच वारलेली. घरात उरलो आबाजी, मी आणि मोरी नावाची गाय. आबाजी कामावर गेले की मला शेजारच्या खुर्शीदबी सांभाळायच्या.

बकरीचं दूध मला पचलं नाही, बाजारचं तर त्याहून नाही. मोरीच्या दुधावर मी तगले. मी तीन महिन्यांची असताना मोरीचं वासरू एकाएकी मेलं. मोरीनं लाथ मारून भांडं उडवलं आणि दूध वर ओढून धरलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत माझा रडायचाही आवाज उरला नव्हता, असं खुर्शीदबी सांगायच्या.

"श्रावणभाऊ, तुमाले तं येते ना ते काम," त्या म्हणाल्या. "वासरू अजून आंगनातच हाय. बच्चीकडं पाहा जरा. मरून जाईन ते."

आबाजी वासरापाशी जाऊन बसले. सुरा नव्हता, पण घरात विळा होता. किती वेळ बसले कोण जाणे. त्यांनी विळा हातात घेतला होता का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. शेवटी ते उठले, वासरू अख्खंच्या अख्खं नेऊन मीठ घालून पुरलं आणि परत आले.

"कुटाराच्या वासराले डोये नसत, खुर्शीदबी," ते म्हणाले. "पायाच्या जागी चार काड्या. तरी गाय पान्हा सोडे. म्हंजे गाय पाहे नाई. ते वास घे."

वासरू ज्या पोत्यावर निजायचं, ते पोतं त्यांनी उचललं, मला त्यात गुंडाळलं आणि मोरीच्या तोंडापुढे धरलं. मोरीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग खरखरीत जिभेनं माझं कपाळ चाटायला लागली. खुर्शीदबींनी खाली हात घातला, तर सडातून दूध गळत होतं.

मग रोज दोन वेळा हेच. पण पोतं टोचायचं, मी किंचाळायचे आणि मोरी बुजायची. तेव्हा आबाजींनी आईच्या अंगावरचं शेवटचं, न धुताच ठेवलेलं लुगडं बाहेर काढलं, डोक्यावरून खांद्यावर घेतलं आणि मला कुशीत धरलं. मी गप्प झाले. गाय मला वासरू समजत होती, मी आबाजींना आई समजत होते, आणि आम्हा दोघींना फसवणारा तो माणूस मधे बसून रडत होता. त्याला फसवणारं कोणीच नव्हतं.

महिनाभरात पोत्याला वासराचा वास उरला नसणार. माझ्याच मुताचा वास त्याला लागला होता. तरी मोरी पान्हावत राहिली. पुढे तर पोतं नसलं तरी चाले, माझा आवाज पुरे. "आता तू खरीच तिची झाली," आबाजी म्हणायचे.

मी चालायला लागले, लुगड्याशिवाय झोपायला लागले, तसं आबाजींनी ते घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. वर्षातून चार-दोनदा ते पेटी उघडत आणि तिच्यात डोकं घालून बसत. मला वाटे, काहीतरी हरवलंय.

"काय पाहून राहिले, आबाजी?"

"काई नाई माय. हाये अजून."

सदुसष्ट साली मी नऊ वर्षांची होते. बाबासाहेबांची जयंती आठवड्यावर आली होती. मी घर सारवलं, भांडी घासली आणि मग पेटी उघडली. लुगडं पिवळं पडलेलं, जागोजागी डाग. माझ्या आईचं लुगडं आणि इतकं मळकं? मला लाज वाटली. मी ते सोड्यात उकळलं, मोर्णेवर नेऊन दगडावर आपटलं, नीळ दिली, अंगणात दोरीवर वाळत घातलं आणि शाबासकीची वाट पाहत उंबऱ्यात बसले.

आबाजी कामावरून आले आणि दोरीपाशी थांबले. पदर हातात घेऊन नाकाशी नेला. मग त्याच्या पुढचा भाग. मग त्याच्या पुढचा. ते नऊवार लुगडं त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतवीत हुंगलं.

"आबाजी, काहून हुंगून राहिले? चांगलं नाई धुतलं काय म्या?"

"लय चांगलं धुतलं, माय," ते म्हणाले.

मग खाली बसले, मला जवळ ओढलं आणि माझ्या डोक्यात नाक खुपसलं. माझ्या केसांनाही सोड्याचाच वास येत होता.