गाळून वाचलेलं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि एका घरात इतकी वर्षं राहून एवढी मोठी गोष्ट नवऱ्यापासून लपून राहते, ह्याचंच मला कधी कधी नवल वाटतं. लपवायला काही करावं लागलं नाही. गप्प बसलं की झालं.

कुठून सुरुवात करू? घरापासूनच करते, कारण सगळं घरापायी झालं. — नाही, असं म्हटलं की दोष घरावर जातो. घर बिचारं दोन खोल्यांचं होतं.

नव्वदीची मधली वर्षं. हे बेंगळूरात एका सरकारी कचेरीत कारकून. पगाराच्या चिठ्ठीवर ‘घरभाडे भत्ता’ असा एक रकाना असायचा. त्या रकान्याचं मला भारी कुतूहल होतं. तो आकडा कुणी ठरवला असेल? ठरवणारा माणूस स्वतः कुठे राहत असेल? त्याला कधी के. आर. पुरमच्या गल्ल्यांतून टू-लेटच्या पाट्या वाचत हिंडावं लागलं असेल का? कारण त्या आकड्यात स्वयंपाकघर सोडून उरलेलं घर मिळत होतं, इतकंच. सरकारी क्वार्टर्सची यादी होती, पण त्या यादीत आमच्या पुढे असलेले लोक निवृत्त व्हायला आले तरी यादी हलत नव्हती. खाजगी घर घ्यायचं तर दहा महिन्यांचं भाडं आधी अ‍ॅडव्हान्स म्हणून मालकाच्या हातात ठेवायचं, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की मालक हसून सांगणार — आता कंपन्यांचे लोक यायला लागलेत, ते जास्त देतात. मारतहळ्ळीला तेव्हा अजून शेतं दिसायची, तिथेही असंच. चार वर्षांत आम्ही तीन घरं बदलली. तिसऱ्या वेळी सामान बांधताना धाकटा म्हणाला, माझी पाटी वर ठेव, नाहीतर परत शेवटी निघेल. सात वर्षांचा होता.

मग येलहंक्याला गंगूअक्कांच्या माडीवरच्या खोल्या मिळाल्या.

अक्का तिथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, त्यामुळे मराठी बोलायच्या ती निम्मी कानडी. नवरा वारलेला, एकुलती मुलगी पद्मा दावणगेरेला दिलेली. साखरेनं डोळे जवळजवळ गेले होते. माणूस उजेडात उभा राहिला तर त्याची आकृती दिसायची, तोंड नाही. इतर मालक विचारतात तसं त्यांनी काही विचारलं नाही — माणसं किती, पाणी किती वापरता, काही नाही. आमचं माहेर-सासर विचारलं. मग ह्यांना म्हणाल्या, “सरकार भाड्याला काय देतं तुला?” ह्यांनी भत्त्याचा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, “सरी. तेवढंच दे. जास्त कुठनं आणशील?”

मी जिन्यात उभी होते. मला पहिल्यांदा वाटलं, ह्यात काहीतरी गोम असणार. मी किती दिवस ती गोम शोधत होते. नव्हतीच.

माझं माहेर निपाणीचं. घरात मराठी, शाळेत कानडी. म्हणून पद्माची कानडी पत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं. महिन्या-दीड महिन्यानं एक निळं आंतरदेशीय पत्र यायचं. दुपारी अक्का हाक मारायच्या, “शैला, स्वल्प बस गं, काय लिवलंय बघ.” मी खाली जाऊन वाचायची, त्या सांगतील ते उत्तर लिहायची. मला ते काम आवडायचं — खोटं कशाला बोलू? दुसऱ्याचं पत्र हक्कानं फोडायला मिळत होतं. पद्माला मी पाहिलेलं नव्हतं, पण तिची सासू कशावर रुसते, तिच्या थोरलीचे केस किती लांब आहेत, सगळं मला ठाऊक होतं. पत्राच्या शेवटी ती माझ्यासाठी एक ओळ लिहायची. वाचणाऱ्या शैलाक्कांना नमस्कार.

ते पत्र आलं तेव्हा आम्हाला तिथं दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं! धाकट्याची पाटी एकाच खिळ्याला दोन वर्षं टांगलेली होती.

आजवर मी स्वतःला सांगत आले, की मी ते वाचता वाचता चुकले. ओळी बारीक होत्या, कडेला लिहिल्या होत्या, राहून गेल्या. असं होतं ना कधी कधी? — नाही. ओळी मधोमध होत्या, आणि पद्माचं अक्षर सुंदर होतं.

तिनं लिहिलं होतं की मिल बंद पडली. नवऱ्याला काम नाही. भाड्याचं घर सोडून सासरच्या एका खोलीत सगळे राहताहेत, आणि तिथंही फार दिवस राहता येणार नाही. बेंगळूरात कुठेतरी काम मिळेल, पण तिथली भाडी ऐकून छाती होत नाही. तर आई, माडीवरच्या खोल्या मिळतील का? लगेच नको. आणि मग खाली — “शैलाक्का, हे तुम्हीच वाचत असणार, म्हणून तुम्हालाही विचारते. राग मानू नका. तुम्हाला दुसरं घर बघायला हवा तेवढा वेळ घ्या. जमत नसेल तर तसं कळवा, मी समजेन.”

मला विचारलं होतं तिनं. नाव घेऊन.

मला अजून उमगत नाही ते हे, की ठरवलं कधी? मी मोठ्यानं वाचत होते. मिलच्या ओळीच्या आधी एक ओळ होती, मुलींच्या शाळेची. ती वाचली, श्वास घेतला, आणि थेट शेवटच्या नमस्कारावर आले. मध्ये अडखळलेसुद्धा नाही. उलट मध्ये एक वाक्य घातलं — थोरलीचा वर्गात दुसरा नंबर आला म्हणून. ते कुठून आलं? अक्का खूश झाल्या. मग म्हणाल्या, “एवढंच?” मी म्हटलं, “एवढंच, अक्का.”

इथंही थांबले असते तर — पण नाही थांबले. अक्का सगळी पत्रं बिस्किटाच्या डब्यात ठेवायच्या. दुसरं कुणी कधी वाचून दाखवलं तर? मी त्यांच्या हातात डब्यातलंच एक जुनं पत्र घडी घालून दिलं. त्यांनी बोटांनी चाचपून ते ठेवून दिलं. नवं पत्र मी वर नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापत असताना बंबात घातलं. चूक करणारा माणूस एवढी व्यवस्था करतो का?

उत्तर मात्र मी अगदी प्रामाणिकपणे लिहिलं. अक्कांनी सांगितलं तसं, एक अक्षर इकडे-तिकडे न करता. पेरूला फळं धरलीत. साखर वाढलीय. शेजारच्या घराला नवा रंग दिलाय. नातीला नंबराबद्दल शाबासकी सांग. ते वाचून पद्माला काय वाटलं असेल, ह्याचा मी फार विचार केला आहे. कुठला नंबर, असं तिला वाटलं असेल का? की तिला वाटलं असेल, आई विषय टाळतेय?

त्यानंतर पत्रं येत राहिली, पण लहान झाली. खोल्यांचं तिनं परत काढलं नाही. शेवटची माझ्यासाठीची ओळ मात्र येत राहिली. अक्का विचारायच्या, “पद्मी येईना झालीय गं. तुला काय वाटतं, का येत नसंल?” मी म्हणायची, संसार आहे, मुलींची शाळा आहे. त्या मान हलवायच्या. भाडं तेवढंच राहिलं. आजूबाजूची भाडी दुप्पट झाली, त्यांनी आमचं एकदाही वाढवलं नाही.

दोनेक वर्षांनी अक्का न्हाणीघरात पडल्या, तेव्हा पद्मा आली. पहिल्यांदा पाहिलं तिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा उंच, आणि आवाज हळू. चार दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी माडीवर आली, मी कॉफी केली. ती उभ्यानंच खोल्या बघत होती — मी दुसऱ्यांची घरं बघायची तशी. म्हणाली, खोल्या मला मोठ्या आठवत होत्या. मग सहज सांगत गेली. नवरा कामासाठी इचलकरंजीला गेला, धाकटीला घेऊन ती सासरीच राहिली, आणि खोलीत जागाच नव्हती म्हणून थोरलीला नणंदेकडे ठेवलं. परवा भेटायला गेले तर मला ‘अहो आई’ म्हणायला लागलीय, म्हणाली. आणि हसली.

मग कप खाली ठेवून म्हणाली, “शैलाक्का, मी आईला एकदा विचारलं होतं. तुम्हीच वाचलं असंल ते पत्र.”

मी म्हटलं, “हो.”

“मग काय म्हणाली ती?”

खाली अक्का झोपल्या होत्या. मधे फक्त एक जिना. मी तेव्हा सांगू शकले असते. थोरली आणखी चार दिवसांत आईकडे आली असती. आम्ही आणखी एक घर शोधलं असतं, लोक शोधतातच. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं, अगदी स्वच्छ.

मी म्हटलं, “काही बोलल्या नाहीत.”

हे खरं होतं. अक्षरशः खरं. माझ्या आयुष्यात मी ह्याहून वाईट खोटं बोललेले नाही.

पद्मानं मान हलवली. तिनं एवढंच म्हटलं, की आईचंही बरोबर आहे, तिला भाड्याचा आधार आहे. मग दोन्ही कप तिनंच विसळले.

आम्ही त्या घरात आणखी तीन वर्षं राहिलो. पैसे साठले, त्याच भाड्यामुळे साठले, आणि आम्ही पुढे येलहंक्यालाच लहानसं घर बांधलं. मी आता त्यातच बसून हे लिहिते आहे. अक्का गेल्या तेव्हा पद्मा आली होती. सगळं नीट केलं तिनं, वेळेवर, काही न विसरता. शेजारच्या बायका कुजबुजल्या की पोटची पोर असून डोळ्यांत टिपूस नाही. मी त्यांच्यातच उभी होते.

आईनं लेकीला कधी विचारलं नाही, तू येत का नाहीस. लेकीनं आईला कधी विचारलं नाही, तू नाही का म्हणालीस. दोघींनीही ते मला विचारलं. आणि मी दोघींनाही उत्तर दिलं.