टाळूवरची काडी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

विलायतेत मुलांच्या डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज कागदावर उतरवतात, आणि वय वाढेल तशी ती रेघ कशी बदलते ते बघतात, असं मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. नाशकाबाहेरच्या आमच्या फुलांच्या मळ्यात वीज दिव्यापुरतीही नव्हती.

धाकटी बहीण तेव्हा सहा महिने माहेरी बसून होती. तिची मुलगी सव्वा वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. पोर मंद आहे, असं चांदवडला सासरी ठरलं होतं. दाजी दुसरं लग्न करणार, असंही कानावर येत होतं.

पोरीची टाळू अजून भरली नव्हती. आई तेल घालायची तेव्हा ती उडताना दिसे. मी घड्याळाच्या यंत्रावर पत्र्याचा डबा फिरता केला, त्याला काजळी धरलेला कागद गुंडाळला. काडीचं एक टोक टाळूवर, दुसरं काजळीवर. पोर हलायची, म्हणून काडी बोटाने दाबून धरली. लाटांसारखी सुरेख रेघ आली.

दाजी सोडचिठ्ठीचं बोलायला आले, तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"हा तिचा मेंदू. चालू आहे."

त्यांनी कागद उभा-आडवा धरून पाहिला. "मास्तर, ह्ये चांगलं का वाईट, मला काय कळणार? माझं काढा बरं."

नाही म्हणायला कारण सुचेना. मोठ्या माणसाच्या हाडातून काही उमटायचं नाही, हे मला ठाऊक होतं. दाजींनी फेटा काढला, मी काडी धरली. रेघ उमटली. हुबेहूब तशीच.

तेव्हा कळलं, दोन्ही रेघा माझ्या बोटातल्या नाडीच्या होत्या.

दाजी हरखले. "आयला, माझ्यावानीच की! आन् आमची म्हातारी म्हनती, आपल्या घरात असलं पोर नाय!"

"बापावर गेली म्हणायची," आई आतून म्हणाली.

चूक कळली की तिथल्या तिथे सांगावी, असं मी वर्गात शिकवत असे. मी तोंड उघडलं. बहीण पोरीला मांडीवर घेऊन माझ्या बोटाकडेच बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "मी कपडे बांधते. तू आता काय बोलू नको."

दाजींनी कागदाची घडी करून खिशात घातली. त्यात अर्धी रेघ पुसली गेली असणार. मी तेही बोललो नाही.