गाडायचा राहिलेला डब्बा

रिकामा डब्बा गाडायचा, एवढंच काम होतं माझं. त्याला काही डॉक्टर व्हावं लागत नाही. कुदळीनं बुडाला चार भोकं पाडायची, विहिरीपासून आणि तळ्यापासून लांब कंबरभर खड्डा खणायचा, डब्बा टाकायचा, माती लोटायची आणि रजिस्टरात सही करायची. मी सही तेवढी नेमानं केली.

चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. हिवतापाच्या फवारणीवर मी हंगामी मजूर होतो. दहावी नापास, अंगात मस्ती, आणि डोक्यात एकच, पर्मनंट व्हायचं. चामोर्शी सोडून जंगलात शिरलं की गावोगाव आमची टोळी फिरायची. एक सुपरवायझर, पाच मजूर, दोन पंप. पावडर यायची टिनाच्या मोठ्या डब्ब्यांत, पोटावर लाल कवटी नि दोन हाडं. ती पाण्यात कालवायची आणि घराघरांतल्या भिंतींवर मारायची. आम्ही तोंडाला फडकंसुद्धा बांधत नव्हतो. त्याच हातांनी बिडी ओढायचो. कोणाला उलटी झाली तर सुपरवायझर म्हणायचा, "सकाळी जेवून काऊन नाई आलास बे?"

पण त्या डब्ब्यांवर सगळ्या गावांचा डोळा. त्या भागात तांदूळ बांबूच्या ढोलीत ठेवायचे, शेणामातीनं लिंपून. उंदरं ती एका रात्रीत कुरतडायची आणि पावसाळ्यात तांदळात सोंडे व्हायचे. घट्ट झाकणाचा टिनाचा डब्बा म्हणजे चैनच. "एक डब्बा द्या ना जी," म्हणत बाया आमच्या मागं फिरायच्या. त्यात एक बातमी सगळीकडं पसरली होती, की पावडरीच्या डब्ब्यातल्या तांदळाला सोंडे लागतच नाहीत. काय कौतुक त्या डब्ब्याचं! सुपरवायझरनं स्वतःच्या घरी दोन नेले होते, एक तांदळाला, एक डाळीला. सोंडे काऊन लागत नाहीत, हे कोणी विचारलं नाही. दिवसभर त्याच पावडरीनं किडे मारणारा मी, मलाही ते सुचलं नाही. मूर्ख! दुसरा शब्द नाही मला.

एका गावात आम्ही उन्हाळ्यातल्या फेरीला पंधरा दिवस शाळेत मुक्कामी होतो. गावाच्या टोकाला एक विधवा बुढी एकटी राहायची. ती आमचा स्वयंपाक करायची. मी तिच्या नातवाच्या वयाचा, पण मला भाऊ म्हणायची. मला ताप भरला तेव्हा दोन दिवस कपाळावर ओल्या कपड्याची घडी ठेवत बसली होती. बाकीचे माझ्या हातचं पाणी प्यायला कां-कूं करायचे, कारण आमचं घर बौद्धाचं, हे गावाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बुढीनं कधी विचारलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, मले बी एक डब्बा दे ना. दोन पायली तांदूर राह्यते माहा, तो बी उंदरं खातेत."

मी दिला. मोठ्या प्रेमानं दिला. आधी नाल्यावर नेऊन राख नि रेती लावून तीनदा घासला. घासताना डोहातल्या चार-दोन मासोळ्या उलट्या होऊन वर आल्या. मला वाटलं, उन्हानं पाणी तापलं असेल.

"यावर मुंडकं काऊन काढलं रे?" बुढीनं विचारलं.

"सरकारी शिक्का आहे, बाई," मी सांगितलं.

पोट्टे भितील म्हणून तिनं कवटीवर पांढऱ्या मातीचा हात फिरवला. मी त्या सांजेला रजिस्टरात लिहिलं, रिकामे डब्बे सहा, गाडले सहा. खाली माझी सही, त्याखाली सुपरवायझरची.

दुसरी फेरी पोळ्याला त्याच गावात आली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्याकडं पोट्टे लाकडाचे छोटे नंदीबैल ओढत दारोदार जातात आणि घरच्या बाईनं त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ, द्यायचा असतो. धान कापायला अजून वेळ असतो, घरोघरचा तांदूळ तळाला गेलेला असतो. बुढीचाही गेला होता. तिनं डब्बा आडवा केला, आत हात घालून बुडाच्या सांध्यातला तांदूळ खरवडून काढला. भाताचा तांदूळ धुतला जातो. लाडवाचा कोण धुतं? तिनं तो भाजला, जात्यावर दळला, गूळ घालून लाडू केले. थोडेच झाले. दाराशी आलेल्या पहिल्या तीन पोरांना दोन-दोन देऊन संपले. स्वतःला एकही ठेवला नाही.

तिन्ही पोरं तासाभरात आडवी झाली. हातपाय झाडत होती, दात बसले होते, तोंडाला फेस होता. मी धावत गेलो तेव्हा एक चार वर्षांची पोरगी अंगणात पडली होती आणि तिच्या नंदीबैलाची दोरी तिच्या मनगटाला तशीच बांधलेली होती. काय खाल्लं, असं मी विचारलं. बुढीचा लाडू, म्हणाले. तेव्हा मला डब्बा आठवला, मासोळ्या आठवल्या, सगळं एकदम कळलं. शपथेवर सांगतो, त्याच क्षणी कळलं. मी सुपरवायझरकडं पळालो.

तो दाढी करत होता. वस्तरा न थांबवता म्हणाला, "तोंड बंद ठेव. डब्बा गाडला म्हणून सही कोणाची आहे? तू बी जाशीन, मी बी जाईन." मग आरशातूनच म्हणाला, "तुह्या पर्मनंटचा कागद पाठवून राह्यलो या महिन्यात."

मी तोंड बंद ठेवलं. दोन पोरं सांजेपर्यंत सावरली. ती पोरगी गेली.

सकाळी पारावर सारं गाव जमलं. मांत्रिक शेजारच्या गावाहून आला होता. त्यानं बुढीचं घर धुंडाळायला लावलं आणि तो डब्बा बाहेर आणला. वरची पांढरी माती खरवडली आणि खालून लाल कवटी निघाली. बाया किंचाळल्या. काहीच नसतं तरी त्यांनी काहीतरी शोधलं असतं, पण इथं तर मीच देऊन ठेवलं होतं.

"पोट्ट्यायले वाटले, अन् सोता एक बी लाडू काऊन नाई खाल्ला?" पोरीचा आजा ओरडला.

"पुरले नाई, बाप्पा," बुढी म्हणाली. "अन् तो डब्बा माहा नोहोय. फवारणीवाल्यायचा हाय. या भाऊनं देल्ला मले."

सगळ्यांनी आमच्याकडं पाहिलं. एक जण म्हणाला, हो, असे डब्बे यांच्याकडं असतात. गावात शहाणी माणसंही होती, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांना फक्त माझं एक हो हवं होतं.

सुपरवायझर शांतपणे उठला. रजिस्टर उघडून पोलिसपाटलाला दाखवलं. "सहा डब्बे, सहाच्या सहा गाडले. हे पाहा, सही." मग माझ्याकडं वळून, "हो ना रे?"

बुढी माझ्याकडं पाहत होती. घाबरलेली नव्हती ती. मी आता बोलेन आणि हे सगळं संपेल, अशा भरवशानं पाहत होती.

आमच्या घरी रोज सांजेला पंचशील म्हणायचे. मी खोटं बोलणार नाही, हे चौथं शील मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. जादूटोणा, मंत्र, करणी, असल्या गोष्टींवर आमचं घर हसायचं. त्या पारावर, त्या शे-दीडशे माणसांत, करणी नाही, विष आहे, हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती आणि त्यांतला एक मी होतो.

"मी नाही दिला," मी म्हणालो. "मी सगळे गाडले."

बाईला मंत्र म्हणता येऊ नये म्हणून तिचे दात पाडायचे, अशी तिकडं रीत होती. बुढीला चारच दात होते. दोघांनी हात धरले, एकानं डोकं, आणि पोरीच्या बापानं पाट्यावरचा वरवंटा घेतला. चारही पाडले. ती ओरडली ती पहिल्या दोनांनाच. मग तिच्या घराचं छप्पर ओढून काढलं आणि तिला नाल्यापलीकडं हाकललं. पोलिसपाटील तंबाखू मळत होता. मी तिथंच उभा होतो.

दुपारी सुपरवायझरनं मला तो डब्बा गाडायला लावला. बुडाला चार भोकं, कंबरभर खड्डा, विहिरीपासून लांब. त्या वर्षी सगळा नियम पाळून गाडलेला तो एकच डब्बा. पुढच्या महिन्यात मी पर्मनंट झालो. घरी पेढे वाटले, आई रडली.

दोन-तीन वर्षांनी महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत माझी ड्युटी लागली. विहिरींत औषध टाकायचं काम. मी नि माझा एक सोबती वैनगंगेच्या वाळूतून चाललो होतो. भीक मागणाऱ्यांच्या रांगेतून कोणीतरी हाक मारली, "भाऊ!"

तीच होती. गाल आत गेलेले, शब्द तोंडातून सांडत होते. मी पळालो असतो, पण तिनं माझ्या पॅन्टचा काठ धरला. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी त्या घेतल्या असत्या, आणि घरी जाऊन बरं वाटून घेतलं असतं.

तिनं शिव्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, "भाऊ, एक सांग. तो डब्बा तूच देल्ला होतास ना? सारे म्हणतेत, कोणी देल्लाच नाई. मले बी आता तसंच वाटून राह्यलं. माह्या हातानं लेकरू मेलं, अन् डब्बा कुठून आला तेच मले समजत नाई. तू फक्त हो म्हण. मी कोणाले सांगत नाई."

सोबती हसत म्हणाला, "काय बे, ओळखीची हाय का?"

तिथं सुपरवायझर नव्हता. रजिस्टर नव्हतं. माझी नोकरी पक्की होती, ती माझ्या एका शब्दानं जाणार नव्हती. गावातलं एकही माणूस तिथं नव्हतं.

"नाही, बाई," मी म्हणालो. "तुमची काहीतरी चूक होतेय. तो मी नव्हे."

तिनं पॅन्टचा काठ सोडला. "हो का," ती म्हणाली. "मंग माह्याच डोक्यात काई झालं असन." आणि मला उगीच थांबवलं म्हणून तिनं हात जोडले.